एका कारकुनाचे अर्ज

अर्ज हाही एक वाङ्मयप्रकार आहे असे कोणी म्हटले, तर आपण हसाल. पण वाचकहो, कविता आपल्यापैकी थोड्यांनीच लिहिली असेल. अर्ज मात्र बहुतेकांनी लिहिला आहे. पूर्वी तो फुलस्केप कागदावर लिहीत. आता लिंक्डइनच्या पानावर आपली ओळख मांडून ठेवावी लागते. अडचण तीच आहे. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही, त्याला आपण काय चीज आहोत हे चार ओळींत कसे पटवायचे? पदवी असली तर निम्मे काम तीच करते. ज्याच्याजवळ पदवीच नाही त्याने काय करावे? मद्रासच्या एका कारकुनावर ही वेळ आली होती.

श्रीनिवास रामानुजन यांचे नाव आपण ऐकलेले आहे. जन्म १८८७ चा, बालपण कुंभकोणमचे. मॅट्रिक झाले आणि गणिताने असे झपाटले, की बाकीच्या विषयांना रामराम! व्हायचे तेच झाले. शिष्यवृत्ती गेली. मद्रासला जाऊन एफ.ए.ला बसले, तर १९०६ आणि १९०७ अशी दोन्ही वर्षे नापास. १९०९ साली लग्न झाले, म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न दारात उभा राहिला. आणि जवळ भांडवल काय, तर गणिताच्या वह्या.

त्या घेऊन १९१० साली ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. कचेरीत एखादी कारकुनी मिळावी, एवढेच मागणे. हे अय्यर म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. (या संस्थेचे ग्रंथालय पुष्कळ वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते, हे आपल्या लोकांना सांगायला हवे.) वही चाळून अय्यरांनी ठरवले, की महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर बसवून या माणसाची बुद्धी मारायची नाही. नोकरी दिली नाही. मद्रासच्या जाणकारांकडे पाठवून दिले. नोकरी नाकारण्याचे इतके चांगले कारण क्वचितच कोणाला सुचले असेल.

त्याच वर्षी डिसेंबरात गाठ पडली नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याशी. रावसाहेबांनी पुढे या भेटीचे वर्णन लिहून ठेवले आहे. बुटका, जाडसर, दाढी वाढलेला, अंगावरचे कपडे फारसे स्वच्छ नाहीत, काखेत जीर्ण वही. डोळे मात्र चमकदार. आता अशा थाटात मुलाखतीला जावे असे मी कोणाला सांगणार नाही! पण खरी गंमत पुढे आहे. हा मनुष्य शहाणपणाचे बोलतो आहे की काहीतरी बरळतो आहे, हे रावांना ठरवता येईना. त्यांनी त्याला पुन्हा बोलावले. मधल्या वेळात रामानुजन यांनी समोरच्याचे पाणी जोखले होते. या खेपेस त्यांनी आधी सोपे निष्कर्ष दाखवले. मग एकेक पायरी चढत रावांना अवघड गणितापर्यंत नेले. रावांची खात्री पटली. काय हवे, म्हणून विचारले. उत्तर मिळाले : संशोधन चालू ठेवता येईल इतपत पोटापुरते. राव दरमहा पैसे देऊ लागले.

पण कोणावर भार होऊन राहणे रामानुजन यांना जड जाई. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनीसाठी अर्ज केला. त्यात मॅट्रिकचा उल्लेख आहे; एफ.ए.पर्यंत शिकलो, पण प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, असे मोघम विधान आहे. ‘नापास’ हा शब्द नाही. सगळा वेळ गणितात घालवतो, हे मात्र सांगितले आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्रा. मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडले होते. १ मार्चपासून तीस रुपये पगारावर नेमणूक झाली.

पोटाची सोय लागली, तरी गणित वाचणारा कोणी भेटेना. लंडनचे प्रा. हिल यांच्याकडे काही निष्कर्ष पाठवले गेले, तर त्यांनी चुकांवर बोट ठेवले. १, २, ३ अशा सर्व संख्यांची न संपणारी बेरीज उणे एक बारांश येते, असे कोणी लिहिले तर दुसरे काय होणार? केंब्रिजचे दोन गणितज्ञही उपयोगी पडले नाहीत.

मग १६ जानेवारी १९१३ चे हार्डी यांना पत्र. वाचकहो, याची सुरुवातच पाहा. मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, वर्षाला फक्त वीस पौंड पगार, वय सुमारे तेवीस, विद्यापीठाचे शिक्षण नाही. वास्तविक वय पंचवीस होते. पगारही, पंधरा रुपयांना पौंड धरला, तर चोवीस पौंड भरतो! लगेच पुढे हार्डींच्याच पुस्तकातल्या एका विधानाकडे वळून, तुम्ही सापडले नाही म्हणता ते सूत्र मला सापडले आहे, असा दावा. हा दावा पुढे चुकीचा ठरला. पण सोबत सुमारे शंभर-सव्वाशे प्रमेये होती, आणि त्यांनी काम केले. हार्डींना आधी लबाडीचा संशय आला. संध्याकाळी लिटलवुड यांच्यासह ते पुन्हा कागदांवर बसले. काही सूत्रे अशी, की ती खरीच असली पाहिजेत, कारण खोटी रचण्याइतकी कल्पकता कोणाजवळ असणार, असे त्यांचे मत झाले.

८ फेब्रुवारीला उत्तर आले : सिद्धता पाठवा. रामानुजन यांच्या २७ तारखेच्या पत्रात सिद्धता नाही. पद्धत आधी सांगितली, तर आपणही लंडनच्या प्राध्यापकांसारखेच म्हणाल, असे त्यांनी लिहिले. ती बेरीज सांगितली, तर वेड्यांचे इस्पितळ दाखवाल, हेही. आणि शेवटी सरळ मागणे : मी अर्धपोटी आहे, डोके टिकवायला अन्न हवे, आपल्या चार सहानुभूतीच्या ओळी आल्या तर इथे शिष्यवृत्ती मिळू शकेल. पहिल्या पत्रातला ताठा इथे नाही. मला हे पत्र अधिक चांगले वाटते. काय हवे आहे आणि कशासाठी, हे वाचणाऱ्याला शोधावे लागत नाही.

त्या वसंतात मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. पदवी नसलेल्याला ती देण्यासाठी नियमांचा बराच काथ्याकूट झाला. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन बोटीवर चढले. १९१६ साली केंब्रिजने संशोधनाबद्दल त्यांना बी.ए. केले, १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एफ.ए. मात्र ते कधीच पास झाले नाहीत.