ट्यूनर पेडल

ट्यूनर पेडल हे गिटार किंवा बेस गिटारची तार सुरात आहे की नाही ते दाखवणारे, पायाने चालवायचे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. ते जमिनीवर ठेवून केबलच्या साहाय्याने गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या दरम्यान जोडतात. पाय दाबला की ॲम्प्लिफायरकडे जाणारा आवाज बंद होतो आणि वाजलेल्या स्वराचे नाव, तसेच तो किती चढलेला वा उतरलेला आहे, हे पेडलावर दिसू लागते. घरच्या सरावाला मोबाइलवरील ॲप किंवा गिटारच्या माथ्याला लावायची क्लिप पुरेशी असते. मंचावर मात्र ॲपच्या मायक्रोफोनला ड्रमचा गोंगाट ऐकू येतो आणि क्लिपला शेजारच्या बेसची कंपने जाणवतात. पेडल गिटारचा विद्युत संकेत थेट केबलमधून घेत असल्यामुळे त्याला या दोहोंची बाधा होत नाही.

इतिहास

कॉन या अमेरिकी वाद्यनिर्मात्याने १९३६ मध्ये बाजारात आणलेला स्ट्रोबोकॉन हा या उपकरणांचा पूर्वज होय. त्यात फिरत्या चकतीवरील पट्टे स्वराच्या गतीने लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात पाहत. स्वर जुळला की पट्टे स्थिर भासत. १९७५ मध्ये कॉर्ग या जपानी कंपनीचा डब्ल्यूटी-१० हा हातात मावणारा, काट्याचा ट्यूनर आला. रोलँड कंपनीच्या बॉस या नाममुद्रेने १९९८ मध्ये टीयू-२ हे पेडल काढले आणि मंचावरील ट्यूनरचे आजचे रूप रूढ झाले. २०१० मध्ये त्याची जागा टीयू-३ ने घेतली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकने पॉलिट्यून हे पेडल आणले. सहाही तारा एकदम छेडल्या तरी त्यांपैकी कोणती बिघडली आहे, हे ते दाखवते. पुढच्या गाण्याची सुरुवात काही सेकंदांवर आली असताना ही सोय मोलाची ठरते.

अचूकता

स्वरांतील सूक्ष्म अंतर सेंट या एककात मोजतात. एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात. टीयू-३ ची अचूकता १ सेंट इतकी, तर स्ट्रोब पद्धतीच्या पेडलांची ०.१ सेंट इतकी सांगितली जाते. जाहिरातींत या आकड्याला फार महत्त्व दिले जात असले, तरी मंचावर तो क्वचितच निर्णायक ठरतो. गिटारच्या सर्वांत बारीक तारेचा स्वर ३२९.६३ हर्ट्झ असतो. तेथे ५ सेंटचा फरक पडला, तर दोन गिटार एकत्र वाजताना सेकंदाला सुमारे एक हेलकावा ऐकू येतो. एक सेंटच्या फरकाने होणारा हेलकावा पूर्ण व्हायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागतो. बोटाचा दाब किंचित वाढला तरी तार त्याहून अधिक चढते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी किंवा गिटारच्या पडद्यांची जुळणी तपासताना स्ट्रोबचा खरा उपयोग होतो.

ट्यूनर समान अंतरांच्या सप्तकावर चालतो, हेही लक्षात ठेवावे लागते. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेतील अंतर शुद्ध गांधाराच्या अंतराहून सुमारे १४ सेंट मोठे राहते. कानाला ते खटकले म्हणून ती तार उतरवली, तर दुसऱ्या एखाद्या स्वरसंघात ती बेसूर लागते.

निवडीचे निकष

पहिला निकष वाचनीयतेचा. उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून जमिनीवरचे पेडल जवळपास दीड मीटर दूर असते. अंधाऱ्या सभागृहात बहुतेक पेडले नीट दिसतात; खरी परीक्षा दुपारच्या उन्हातील खुल्या मंचावर असते. त्यामुळे अधिक उजेडाची सोय असलेले पेडल पसंत करावे. दुसरा निकष वेगाचा. जाड तारेचा स्वर ८२.४१ हर्ट्झ, म्हणजे एका आवर्तनाला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. बेसच्या जाड तारेला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणून बेसवादकाने पेडल आपल्याच वाद्यावर पारखून घ्यावे.

बफर की ट्रू बायपास, हा तिसरा आणि सर्वाधिक वादाचा मुद्दा. ट्रू बायपास पेडल बंद असताना संकेत जसाच्या तसा पुढे जाऊ देते. बफर असलेले पेडल संकेताला बळ देते, त्यामुळे लांब केबलमध्ये वरच्या पट्टीतील तेज कमी होत नाही. केबल लांब आणि पेडले अनेक असतील, तर रांगेत एक तरी बफर असणे हिताचे. फझ फेससारख्या जुन्या घडणीच्या फझ पेडलापूर्वी मात्र बफर नको. त्याने फझचा आवाज बदलतो. या वादात एक व्यावहारिक बाब बहुधा सुटते. अडॅप्टरची वायर कुणाच्या पायात अडकून निघाली, तर बफरचे पेडल गप्प होते आणि त्याबरोबर गिटारही गप्प होते. साध्या यांत्रिक स्विचचे ट्रू बायपास पेडल वीज नसतानाही आवाज पुढे पाठवते. म्हणून बफरचे पेडल घेताना बॅटरीची सोय पाहावी. बॉसची पेडले ९ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात; अनेक छोट्या पेडलांत बॅटरीला जागाच नसते.

पेडलांच्या रांगेत ट्यूनर सहसा आरंभी ठेवतात, कारण विकृत किंवा प्रतिध्वनियुक्त संकेतावरून स्वर ओळखणे त्याला कठीण जाते.

हार्मोनियमसह वापर

महाराष्ट्रात गाण्याची पट्टी काळी एक, पांढरी चार अशी सांगण्याचा प्रघात आहे, तर पेडलावर इंग्रजी अक्षरे दिसतात. काळी एक म्हणजे सी-शार्प आणि पांढरी चार म्हणजे एफ. जुनी हार्मोनियम ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला जुळतेच असे नाही. ती ४४३ हर्ट्झवर असेल, तर ४४० वर लावलेली गिटार सुमारे १२ सेंट उतरलेली ऐकू येते. हार्मोनियमच्या रीडी जागच्या जागी बदलता येत नाहीत, तेव्हा वळावे लागते गिटारलाच. हार्मोनियमवादकाला पांढरी सहा धरायला सांगून गिटारची पाचवी तार कानाने जुळवावी. मग पेडलवर ती तार बरोबर दिसेपर्यंत प्रमाणस्वर बदलावा आणि उरलेल्या तारा त्या प्रमाणावर लावाव्यात. टीयू-३ मध्ये हा स्वर ४३६ ते ४४५ हर्ट्झ या मर्यादेत बदलता येतो. कार्यक्रमानंतर तो पुन्हा ४४० वर आणून ठेवावा.