कांदळवन
भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात वाढणारे वन. खारफुटी हे त्याचे दुसरे रूढ नाव. यातील तिवर या झाडाची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात, तर कांदळ या झाडाचे बी झाडावरच रुजते. मुळांमुळे गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो, मासे-कोळंबीची पिले वाढतात. हवामानबदलाच्या दृष्टीने खरे मोल मात्र खालच्या चिखलाचे: प्राणवायूअभावी तेथे सेंद्रिय द्रव्य अतिशय सावकाश कुजते आणि कार्बन शतकानुशतके साठून राहतो. तोड झाली की तो पुन्हा हवेत जातो. मुंबईने या वनाला दीर्घकाळ भराव टाकण्याची जागाच मानले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीस मनाई केली. २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. कांदळवनाची ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.