भुकेने शिकवलेला आहार

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी परततो तेव्हा त्याच्या हाती एक आहारतक्ता असतो. पहिले एकदोन दिवस निवळ द्रव. मग सुमारे दोन आठवडे दूध, ताक, प्रथिनयुक्त पेये. त्यानंतर घोटलेले अन्न, मग मऊ शिजवलेले, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. घोट लहान, घास लहान. जेवताना पाणी प्यायचे नाही. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर हवे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या. रुग्णालयागणिक तपशील थोडा बदलतो, पण सांगाडा हाच असतो.

हा तक्ता पाहून अनेकांना विसंगती वाटते. अतिवजनामुळे ज्याचे जठर लहान केले, त्यालाच कुपोषणाची भीती का घालावी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. त्या इतिहासाचा एक भाग शल्यगृहात घडला. मोठा भाग मात्र दुष्काळात, भातगिरण्यांत आणि म्हैसूरच्या एका राजप्रासादात थाटलेल्या प्रयोगशाळेत घडला.

शल्यगृहातले धडे

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. ती रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचली आणि सुमारे चार महिने जगली. पुढील काही दशकांत जठरव्रणासाठी अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या आणि डॉक्टरांच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली अशी की, गोड किंवा पातळ अन्न घेतल्यावर काही रुग्णांना धडधड, घाम, पोटात कळ आणि ग्लानी येई. जठराची राखण कमी झाल्याने अन्न एकदम आतड्यात कोसळते, आणि त्यातील साखर शरीरातले पाणी आतड्यात खेचून घेते. १९२२ मध्ये अमेरिकी डॉक्टर चार्ल्स मिक्स यांनी अशा जठरासाठी ‘डम्पिंग’ हा शब्द वापरला. साखर टाळा, जेवताना पाणी पिऊ नका, या आजच्या सूचनांचे मूळ तेथे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नसे. आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी या ‘दोषा’चाच उपयोग करायचे ठरवले आणि १९६६ मध्ये चिकाशी इतो यांच्यासह लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली. त्याआधी १९५४ मध्ये मिनेसोटात आतड्याचा बराचसा भाग वगळणारी शस्त्रक्रिया झाली होती. तिने वजन उतरले, पण कालांतराने यकृत निकामी होणे, मूतखडे, जीवनसत्त्वांचा अभाव अशा व्याधी पुढे आल्या आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. अन्न कमी करणे शस्त्रक्रियेला साधते. पोषणाची व्यवस्था वेगळी लावावी लागते, हा धडा वैद्यकाने महागात घेतला.

आज सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून त्याची केळ्याच्या आकाराची नळी केली जाते. तिच्यात जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते, म्हणजे चहाच्या एका कपाएवढे. या नळीला स्टेपलची लांब शिवण असते. पहिल्या आठवड्यांत ती भरून येत असते, आतील अस्तर सुजलेले असते. घन अन्नाने दाब वाढतो, उलट्या होतात, आणि शिवण गळणे ही या काळातील सर्वांत घातक गुंतागुंत असते. म्हणून आधी द्रव, मग घोटलेले, मग मऊ अशी पायरी आहे. ‘आज बरे वाटते आहे, एक पोळी खाऊन पाहू’ हा मोह येथेच महाग पडतो.

दुष्काळाचे शास्त्र

अन्न अचानक कमी झालेल्या शरीरात काय घडते, हे मात्र शल्यविशारदांआधी दुष्काळाने दाखवले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. उपाशी माणसापुढे भरले ताट ठेवले की तो वाचतो, ही समजूत कलकत्त्याच्या रुग्णालयांत खोटी ठरली; खंगलेले आतडे साधे अन्नही पेलू शकत नव्हते. त्या अनुभवातून दुधाची भुकटी आणि साखर यांवर आधारलेले एक मिश्रण तयार झाले. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतील बेर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा ब्रिटिश डॉक्टरांनी ‘बंगाल दुष्काळ मिश्रण’ या नावाने तेच तेथे वापरले. अनेक कैद्यांना त्याचा गोडवा सोसला नाही. अन्न शास्त्रोक्त असणे पुरेसे नसते. ते त्या माणसाच्या पोटाला आणि जिभेला मानवावेही लागते.

त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. चरबीबरोबर स्नायूही झिजले, नाडी मंदावली, केस गळू लागले आणि मनाला अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. या प्रयोगाचा दोन खंडांतील ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी केस विरळ होऊ लागले की रुग्ण घाबरतो; त्याच्या शरीराची ही भाषा त्या ग्रंथात नोंदलेली आहे.

म्हैसूरचा प्रश्न

योगायोग असा की त्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १९५० रोजी, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हैसूरमध्ये सुरू झाली. चौथे कृष्णराज वडियार यांनी आपल्या भगिनीसाठी बांधलेला चेलुवांबा प्रासाद तिला मिळाला. पहिले संचालक सुब्रह्मण्यन हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. बंगालच्या स्मृती ताज्या होत्या. ज्याला फार थोडे अन्न मिळते, त्याच्या त्या थोडक्या अन्नात अधिकाधिक पोषण कसे भरावे, हा संस्थेपुढचा एक मुख्य प्रश्न होता.

उत्तरासाठी शास्त्रज्ञ शेंगदाण्याकडे वळले. शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. तेल काढून घेतले की उरलेल्या पिठात ती ५० टक्क्यांच्या आसपास जातात. घाण्याची पेंड तोवर जनावरांपुढे पडत असे. खाण्यायोग्य शेंगदाणा पीठ ७५ भाग, हरभऱ्याचे पीठ २५ भाग आणि वर जीवनसत्त्वे व कॅल्शियम, असे ‘इंडियन मल्टिपर्पज फूड’ म्हैसूरमध्ये तयार झाले. पन्नासच्या दशकात म्हशीच्या दुधापासून बालान्न बनवण्याची पद्धतही येथेच बसवली गेली. म्हशीच्या दुधातील जादा स्निग्धांश आणि घट्ट साय-दही यांमुळे ते तान्ह्यांसाठी अयोग्य मानले जाई. आणंदच्या अमूलने ते तंत्र बाजारात आणले. पुढे शेंगदाण्याचे प्रथिन दुधात मिसळून ‘मिल्टोन’ हे पेय आले. पाणी, तेल आणि चोथा वगळून प्रथिने थोडक्या जागेत बसवणे, हे या सर्वांमागचे सूत्र होते.

सुखात्मे यांचा आक्षेप

या वाटेवर दोन अडथळे आले. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन हजारो टर्की पक्षी मेले आणि अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. त्यानंतर शेंगदाणा पिठाकडे निःशंकपणे पाहणे शक्य राहिले नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा होता. तो घेतला सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते प्रमुख होते. भारतीय जेवणात धान्य आणि डाळ यांतून मिळणाऱ्या ऊर्जेचा पुरेसा वाटा प्रथिनांचा असतोच. माणूस पोटभर जेवला तर प्रथिनेही पुरतात, असे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. ऊर्जाच कमी पडली तर शरीर प्रथिने इंधनासारखी जाळते. मग प्रथिनांची पावडर वाटून काय उपयोग? सत्तरच्या दशकात या मताने जोर धरला आणि जगभर ‘प्रथिनांची दरी’ ही कल्पना मागे पडली. गरिबाला आधी पोटभर भाकरी द्या, हा निष्कर्ष योग्यच होता.

आता तोच हिशेब शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाला लावून पाहा. वरणभाताच्या जेवणात ऊर्जेचा सुमारे दहावा भाग प्रथिनांचा धरला तर २००० कॅलरींत ५० ग्रॅम प्रथिने येतात. पहिल्या काही आठवड्यांत हा रुग्ण बहुधा ८०० कॅलरींच्याही पुढे जात नाही. त्याच प्रमाणाने त्याला मिळतील २० ग्रॅम, आणि गरज आहे ६० ची. सुखात्मे यांच्या युक्तिवादाचा पाया ‘पोटभर’ या शब्दावर उभा होता. येथे तो पायाच शस्त्रक्रियेने काढून घेतलेला असतो. म्हणून सर्वसामान्य जनतेसाठी अनावश्यक ठरलेले म्हैसूरचे सूत्र या एका रुग्णासाठी पुन्हा खरे ठरते. म्हैसूरने ते त्याच्यासाठी शोधले नव्हते, एवढेच.

वरणाच्या पाण्याचा हिशेब

आपल्या घरांतली अडचण येथेच असते. आजारी माणसाला पेज आणि वरणावरचे पाणी द्यायचे, ही पिढ्यांची रीत. पहिल्या दिवसांत निवळ द्रव म्हणून ते चालतेही. पण डाळीची प्रथिने भांड्याच्या तळाशी राहतात. वरच्या पाण्यात त्यांचा अंश किरकोळ असतो. केवळ डाळीतून ६० ग्रॅम प्रथिने हवी असतील तर सुमारे पाव किलो कोरडी डाळ शिजवावी लागेल. ती फुगून किलोभर होते. केवळ दुधातून हवी असतील तर पावणेदोन लिटरच्या आसपास दूध लागेल. कपभर मावणाऱ्या जठराला हे पेलवत नाही. सायविरहित दुधाच्या भुकटीत मात्र ३५ टक्के प्रथिने असतात. दुधात ती मिसळणे, घट्ट दही, पनीर, अंडे, मठ्ठ्याच्या प्रथिनांची पावडर हे पर्याय तक्त्यात येतात ते याच कारणाने.

डाळ घोटण्याआधी ती पूर्ण शिजवण्यामागेही शास्त्र आहे आणि त्यात एका मराठी विदुषीचा वाटा आहे. केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवलेल्या कमला सोहोनी यांनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला रोखणारे घटक असतात. त्यांचा अभ्यास त्यांच्या प्रयोगशाळेत झाला. चांगल्या शिजवण्याने त्यांतील बहुतेक निष्प्रभ होतात. ज्याच्या पोटात चार चमचेच डाळ जाते, त्याची ती डाळ पुरती पचणे अधिकच मोलाचे.

गोळीमागची गोष्ट

राहिल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्यांतील ‘ब१’, म्हणजे थायमिन, पहिल्या आठवड्यांत सर्वांत निकडीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटेव्हियात क्रिस्तियान आयकमान यांना दिसले की सडलेल्या, पांढऱ्याशुभ्र तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंडा दिला की तो बरा होतो. भारतात १९१८ पासून रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला बेरीबेरीचा अभ्यास आरंभला. आंध्रच्या किनाऱ्यावर गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी होता. उकडा तांदूळ खाणाऱ्यांना तो सहसा होत नसे. भात उकडताना कोंड्यातले थायमिन दाण्यात उतरते. कोकण-गोव्याची उकड्या तांदळाची पेज त्यामुळे साध्या पेजेहून सकस असते. भात दोनतीन दिवस भिजत ठेवण्याऐवजी गरम पाण्यात काही तासांतच भिजवण्याची पद्धत म्हैसूरच्याच संस्थेने रूढ केली.

शरीरात थायमिनचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. तो दोनतीन आठवड्यांत संपतो. शस्त्रक्रियेनंतर खाणे नगण्य असेल आणि वर सतत उलट्या होत असतील तर तो त्याच मुदतीत तळाला जातो. १९८० च्या दशकात अशा रुग्णांत चालताना तोल जाणे, नजर स्थिर न राहणे, गोंधळ उडणे ही लक्षणे नोंदली गेली. भातखाऊंचा जुना आजार श्रीमंत देशांच्या शल्यगृहांत परतला होता. वेळेवर ओळखला तर तो थायमिनने आटोक्यात येतो. उशीर झाला तर स्मृतीचे कायमचे नुकसान होऊ शकते. ग्लुकोजची सलाइन थायमिनआधी दिली तर स्थिती बिघडू शकते, हेही डॉक्टर याच अनुभवातून शिकले. म्हणून ‘उलट्या होतात, पण दोन दिवसांत थांबतील’ असे म्हणत घरी बसू नये. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूला कळवावे. तक्त्यात बदलही त्यांनीच करावा, शेजाऱ्याच्या अनुभवाने नव्हे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १९ टक्के प्रौढ स्त्रिया कृश आणि २४ टक्के अतिवजनाच्या आढळल्या. दोन्ही आकडे एकाच अहवालात, पुष्कळदा एकाच गावात. सुब्रह्मण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या गटासाठी जो प्रश्न हाती घेतला, त्याचे उत्तर आज दुसऱ्या गटातल्या रुग्णाच्या आहारतक्त्यावर लिहिलेले असते. तक्ता हाती आला की त्यातील एकेका ओळीमागे कोणाची भूक उभी आहे, हे विद्यार्थ्यांनी एकदा शोधून पाहावे.

#विज्ञानाचाइतिहास #पोषण #म्हैसूर