रक्त पडण्याआधीचे ४८ तास

४८ तास बाकी. लहान मुलाचं न धुतलेलं बोट तोंडात जातं. बोटावर शिगेला फ्लेक्सनेरीचे जिवाणू आहेत, दहा ते शंभर. तेवढे पुरतात. पटकीच्या जंतूंना आजार घडवायला सहसा लाखोंच्या संख्येनं यावं लागतं, कारण जठरातल्या आम्लात त्यांतले बहुतेक मरतात. शिगेला ते आम्ल तासन् तास सोसू शकतो. (हे तास अंदाजाचे आहेत. लक्षणं दिसायला कुणाला एक दिवस लागतो, कुणाला तीन-चार.)

४० तास बाकी. शिगेला लहान आतडं ओलांडतोय. मूल खेळतंय, जेवतंय.

३० तास बाकी. मोठं आतडं. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या, आणि समोरच्या बाजूनं शिगेलाला त्यांच्यात शिरणं फार कठीण. पण अधूनमधून ‘एम’ पेशी असतात. आतड्यात काय आलंय त्याचा नमुना उचलून खालच्या संरक्षक पेशींकडे पोचवणं हे त्यांचं काम. त्या शिगेलालाही उचलतात आणि अस्तराच्या मागे नेऊन सोडतात. तिथली भक्षकपेशी त्याला गिळते, आणि मरते ती भक्षकपेशीच. मरताना ती धोक्याचे रासायनिक संदेश सोडते.

आता पुढची काही मिनिटं निर्णायक. मोकळा झालेला जिवाणू अस्तराच्या पेशीला मागच्या, कमी राखलेल्या बाजूनं भिडतो. त्याच्या अंगावर सुईसारख्या पोकळ नळ्या आहेत. त्यांतून तो आपली प्रथिनं पेशीत टोचतो. पेशीचा अ‍ॅक्टिन प्रथिनाचा सांगाडा हलतो, तिचं आवरण वर उचललं जातं आणि ती स्वतःच जिवाणूला आत ओढते. आत तो एका पिशवीत अडकतो, पण सुमारे पाव तासात पिशवी फाडतो. शिगेलाला पोहायला शेपूट नसते. म्हणून तो आपल्या एका टोकाशी पेशीचंच अ‍ॅक्टिन रचायला लावतो आणि त्या जोरावर पुढे ढकलला जात थेट शेजारच्या पेशीत घुसतो. बाहेर पडावंच लागत नाही, त्यामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांशी गाठही पडत नाही.

२० तास बाकी. संदेश ऐकून न्यूट्रोफिल (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) धावून येतात. आतड्याच्या पोकळीत पोचायला ते अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करतात, आणि त्याच फटींतून आणखी जिवाणू मागे उतरतात. या साऱ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच: जे दार शिगेलाला उघडता येत नव्हतं, ते मदतीला आलेल्यांनी उघडलं. पुढे शिगेलाला मारतातही हेच न्यूट्रोफिल, पण तोवर अस्तर सोलवटलेलं असतं.

१० तास बाकी. ताप. पोटात मुरडा. पातळ जुलाब.

० तास. रक्त आणि आव. मूल कुथतंय, पडतं थोडंसंच. मीठ-साखरेचं पाणी सुरू ठेवायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं, त्याच दिवशी. जुलाब थांबवणारी गोळी घरच्या घरी देऊ नये, जिवाणू आतच कोंडले जातात.

१८९७ साली जपानमधल्या साथीत कियोशी शिगा यांनी शिगेलाच्या कुळातला पहिला जिवाणू ओळखला. त्याच जपानमध्ये १९५०च्या दशकात एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा शिगेला सापडला. सर्वत्र वापरता येईल अशी लस आजही नाही, आणि लागू पडणाऱ्या प्रतिजैविकांची यादी आखूड होत चालली आहे.