भांडे आणि भुकटी

घरात मायक्रोवेव्ह आला की पहिली ताकीद मिळते ती धातूविषयी. स्टीलची वाटी नको, सोनेरी काठाची बशी नको. स्वयंपाकघरापुरती ही ताकीद योग्यच आहे. पण प्रयोगशाळांतही ती दीर्घकाळ निसर्गनियमासारखी पाळली गेली. असे का झाले, याचे उत्तर या यंत्राच्या जन्मकथेतच सापडते.

21 फेब्रुवारी 1940 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी नव्या घडणीचा मॅग्नेट्रॉन चालवून पाहिला. रडारसाठी आखूड आणि जोरकस लहरी हव्या होत्या. त्याच वर्षी टिझार्ड शिष्टमंडळाबरोबर हे गुपित अमेरिकेत पोहोचले. तेथे रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी ऑक्टोबर 1945 मध्ये याच लहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही उपयोगांत धातूचे काम एकच होते: लहरी परतवणे. रडारला विमान दिसते ते त्यामुळे, आणि मायक्रोवेव्हच्या भिंती धातूच्या असतात त्याही त्यासाठीच. जो धातू लहर परतवतो तो तिने तापेल कसा?

या समजाला आधारही होता. 2.45 गिगाहर्ट्‌झची लहर तांब्यात जेमतेम 1.3 मायक्रॉन शिरते. वाटीच्या जाडीपुढे हे अंतर नगण्य आहे. मात्र त्याच तांब्याची बारीक भुकटी केली, की कणाच्या आकारमानाने तेच अंतर मोठे ठरते. कणांवरचा ऑक्साइडचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. लहर ढिगात शिरते, कणाकणात विद्युतप्रवाह फिरवते आणि भुकटी तापते.

1988 मध्ये अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील संशोधकांनी खनिजांबरोबर धातूंच्या भुकट्याही अशा तापवून पाहिल्या होत्या. त्यांचा रोख मात्र खनिजप्रक्रियेकडे होता. त्यातून यंत्राचे सुटे भाग घडवण्याचे काम पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात झाले. तेथील पदार्थसंशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक रुस्तुम रॉय 1924 मध्ये रांचीत जन्मले आणि पाटणा विद्यापीठात शिकले. त्यांच्या गटाने आधी टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट या संमिश्राची कापणारी हत्यारे मायक्रोवेव्हमध्ये भाजून काढली. मग 17 जून 1999 च्या ‘नेचर’मध्ये रॉय, दिनेश अगरवाल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दाबून आकार दिलेले पोलाद, तांबे, निकेल यांच्या भुकटीचे भागही काही मिनिटांत भाजून घट्ट होतात. 2001 मध्ये त्यांनी लहरीचे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र वेगळे करून तपासले. धातूच्या भुकट्या चुंबकीय क्षेत्रात झपाट्याने तापल्या.

पुढे आयआयटी रूरकीत अखंड धातूंचे तुकडेही या लहरींनी जोडले गेले. सांध्यात धातूची भुकटी, तिच्याजवळ कोळशाची पूड. कोळसा लहर शोषून तापतो, भुकटीला तापवतो. तापलेली भुकटी मग स्वतःच लहर घेऊ लागते.

म्हणून कारखान्यांतल्या जुन्या भट्ट्या विझल्या असे नाही. मोठा भाग सर्वत्र सारखा तापवणे अवघड आहे. कार्बन तंतूंच्या संमिश्रांत तंतूंच्या उघड्या टोकांशी ठिणग्या उडतात. शिवाय रूढ समजाला आव्हान देण्याची रॉय यांची वृत्ती प्रत्येक वेळी फळली नाही. पाण्याची रचना आणि होमिओपॅथी यांचा संबंध सुचवणाऱ्या त्यांच्या 2005 च्या लेखावर शास्त्रज्ञांनी कडक टीका केली. दोन्ही ठिकाणी धाडस सारखेच होते. फरक एवढाच, की धातूच्या बाबतीत भट्टीतून घट्ट झालेला तुकडा बाहेर येत होता, आणि तो कोणालाही कापून, मोजून पाहता येत होता.