चाकाची निवड : प्रवराकाठची गाडी आणि स्पर्धेतील यंत्रमानव

लाकडी चाक मागे पडून रबरी चाक रूढ झाले, यास ‘सुधारणा’ असे नाव देऊन विषय संपविण्याचा प्रघात आहे. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा व भोवतालच्या ऊसपट्ट्यातील गाडीचा विचार करता हे उत्तर अपुरे वाटते.

तुंबा, आरे आणि लोखंडी धाव यांनी सिद्ध होणारे उंच चाक खडबडीत वाटेसाठीच घडलेले होते. व्यास मोठा असला म्हणजे खळगा सहज ओलांडला जातो. शिवाय दुरुस्ती गावच्या सुतार-लोहाराकडे होई. 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि 1950-51 मध्ये लोणीच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. आता ओझे वाढले आणि फडापासून गव्हाणीपर्यंतची फेरी नित्याची झाली. अरुंद धाव सगळा भार थोड्याशा जागेवर टाकते व रस्ता कापते. हवा भरलेला टायर तोच भार पसरवितो. टायरगाडी आली ती यामुळे. बदलली ती वाट आणि ओझे. चाक त्यांच्यामागून बदलले.

आस मात्र तशीच राहिली. (इक्षुपासून ऊस आणि अक्षापासून आस, हे दोन्ही शब्द एकाच ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध झाले आहेत, हा योगायोग मनोरंजक खरा.) स्थिर आसावर दोन्ही चाके स्वतंत्रपणे फिरतात, आणि ते आवश्यकच असते. चाकांतील अंतर दीड मीटर धरले, तर पूर्ण वळसा घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे 9.4 मीटर अधिक चालते. वळसा लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकत्र जखडली, तर एकास घसरणे भाग पडेल.

यंत्रमानवाच्या सर्वांत साध्या मांडणीत हाच फरक सुकाणू होतो. दोन चाकांना दोन मोटारी देऊन त्यांचा वेग कमीअधिक केला की यंत्र वळते. याहून चतुर युक्त्याही आहेत. परिघावर लाट्या बसविलेल्या चाकाचे एकस्व ग्राबोविएकी याने अमेरिकेत 1919 साली मिळविले. पुढे 1970 नंतरच्या दशकात स्वीडनच्या बेंग्ट इलोन याने 45 अंशांत तिरप्या लाट्यांचे मेकॅनम चाक सिद्ध केले. अशी चार चाके चार मोटारींवर चालविली, तर यंत्र तोंड न वळविता आडवे सरकते.

2014 साली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन स्पर्धा पुण्यात झाली. अशा स्पर्धेतील मैदान आखीव व सपाट असते; उंच चाकाचा गुण तेथे निरुपयोगी, तर आडवे सरकण्याचा गुण मोलाचा ठरतो. मात्र लाट्यांमुळे पकड घटते. धक्का द्यावयाचा वा चढ चढावयाचा असेल तेथे साधे रबरी चाकच उजवे. देवळालीच्या ओल्या फडात तर चिखलाने त्या लाट्या फिरावयाच्याच थांबतील.

दोन चाकांची जुनी मांडणी स्पर्धेतून अद्याप गेलेली नाही. तीत बैलांच्या जागी एक मोकळे आधारचाक येते, आणि ओढण्याचे काम खुद्द चाकांकडे जाते.