कार्लेव्हारो वादनपद्धती

अभिजात गिटारवादनात (पहा : गिटार) अल्पतम श्रमाने महत्तम परिणाम साधण्यासाठी शरीररचनेच्या आधारे योजलेली तंत्रपद्धती. उरुग्वेचे वादक व संगीतरचनाकार आबेल कार्लेव्हारो (१९१६–२००१) हे तिचे प्रवर्तक असून, ‘एस्कुएला दे ला गितारा’ (१९७९) या ग्रंथात तिची सैद्धांतिक मांडणी आणि ‘सेरिए दिदाक्तिका’ या चार पुस्तिकांत तिचे स्वाध्याय आले आहेत.

वाद्याने देहाशी जुळते घ्यावे, देहाने वाद्यापुढे वाकू नये, हे तिचे मूलसूत्र होय. त्यानुसार डावा हात गळपट्टीवर स्थानांतर करताना बोटे ताणली न जाता, अंगठ्याचा दाब सुटताच बाहू संपूर्ण पंजा वाहून नेतो. या स्थानांतराचे प्रतिस्थापन, विस्थापन व उडी असे तीन प्रकार मानले आहेत. उजव्या हाताच्या बोटांचे सांधे हेतुपुरस्सर क्षणमात्र स्थिर करून आघाताचे बळ मोठ्या स्नायूंकडून घेण्याच्या क्रियेस ‘फिहासिओन’ म्हणजे स्थिरीकरण ही संज्ञा आहे (पहा : स्नायु तंत्र).

बोटांवरील अकारण ताणाचा परिहार आणि ध्वनिगुणांवरील ताबा ही या पद्धतीची फलिते होत. उपर्युक्त पुस्तिका गिटारच्या अध्यापनात आजही वापरात आहेत.